द्राक्षांच्या घरी आठ दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करता येत नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढे चूल, मुले आणि रातांबे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही नाशिककडे जाऊन आलात, ते सांगा." मी म्हटले, "अहो, मी वाइनच्या कारखान्यात राहून आले, ते मंडळात कसे सांगू?" त्या म्हणाल्या, "तेच सांगा." तेव्हा सांगते. कोणाला पटले नाही तर चहाच्या वेळी मला तोंडावर बोला, पाठीमागे नको.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी दिंडोरी तालुक्यात दिली आहे. माणसे चांगली, शेत स्वतःचे. पण घरचा धंदा वाइन करण्याचा. ताईने लग्न लावून दिले, पण दोन वर्षे लेकीच्या उंबऱ्यावर पाऊल टाकले नाही. त्याचे कारण मला ठाऊक आहे. आमचे वडील गावठी पीत. आईची पितळेची घागर, मग समया, मग तिच्या कानांतल्या कुड्या एकेक करून घरातून गेल्या. ताई तेव्हा बारा वर्षांची होती. कुड्या विकायला तिलाच पाठवले होते. असे ज्या बाईने पाहिले, तिला "ही द्राक्षांची आहे, ही वेगळी" असे सांगून काय उपयोग?

गेल्या फेब्रुवारीत भाचीचा फोन आला, "मावशी, आई येत नाही, तू तरी ये. द्राक्षांची काढणी चालू आहे." ताई म्हणाली, "जा. डोळ्यांनी बघून ये आणि मला खरे तेच सांग." मी आगळाची एक बाटली पिशवीत घातली आणि रात्रीच्या एस. टी.त बसले.

आपल्याकडे रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये, आणि सगळी धावपळ पहिल्या पावसाच्या आत साली वाळाव्यात म्हणून. त्यांची काढणी जानेवारी ते मार्च. परदेशांतल्या थंड मुलखात वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि वर्षातून एकदा छाटली की पुरते. आपल्या उन्हात वेलीला झोप नाही. म्हणून तिची छाटणी दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. त्यानंतर अवेळी पाऊस आला तर केवडा रोग पडतो, मग भुरीची भीती. पाऊस आला की आपण वाळवणे उचलायला धावतो, तशी ती माणसे बागेकडे धावतात. मला ते घर परके वाटेना.

तोडणी पहाटे, थंडी असतानाच. मीही चार दिवस कात्री घेऊन उभी राहिले. ही द्राक्षे खायच्या द्राक्षांसारखी नव्हेत. बारीक, जाड सालीची, आत बी. बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही. ह्याच गोष्टीने त्या घराला एकदा रडवले होते. नाशिककडे १९९९ साली राजीव सामंत यांनी सुला काढली. २००१ साली सरकारने द्राक्षांपासून वाइन करण्याच्या उद्योगासाठी धोरण आणले. मग पुष्कळ शेतकऱ्यांनी ही द्राक्षे लावली. २००८ नंतर मंदी आली आणि माल पडून राहिला. कित्येकांनी वेली उपटल्या. ह्यांनी मात्र कर्ज काढून स्वतःच लहानसा कारखाना घातला. ते कर्ज अजून फिटते आहे, असे विहीणबाईंनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितले. लपवाछपवी त्या घरात नाही.

आता वाइन कशी होते ते ऐका. आपले कोकम सरबत फसफसले की आपण हळहळून ओतून देतो. ते रस मुद्दाम फसफसवतात. रसातली साखर खमीर खाते. तिची एकीकडे दारू होते, एकीकडे वायू. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे पिळून साली आधीच बाजूला काढतात आणि रस थंड टाकीत हळूहळू आंबू देतात. तांबडीसाठी साली रसातच ठेवतात, कारण रंग सालीत असतो. आपल्या रातांब्याचा असतो तसाच. साली वर तरंगून येतात, त्या दिवसातून दोन-तीनदा खाली दाबाव्या लागतात. ते काम माझी भाची करते. त्या वेळी खोलीची दारे उघडी ठेवतात, कारण तो वायू जड, खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षे लागतात.

ह्या सगळ्यावर नजर कोणाची म्हणाल, तर विहीणबाईंची. वय पासष्ट, डोक्यावर पदर, गळ्यात तुळशीची माळ. रोज सकाळी प्रत्येक टाकीचा घोटभर नमुना घेतात, हुंगतात, जिभेवर फिरवतात आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतात. एक थेंबही गिळत नाहीत. एका सकाळी त्या एका टाकीपाशी थांबल्या आणि मुलाला म्हणाल्या, "कुजक्या अंड्याचा वास येतोय, हवा दे हिला." मला काहीच कळले नव्हते. मुलाने रस खालून काढून वरून सोडला, आणि दोन दिवसांत तो वास गेला. यंत्रे त्यांच्याकडेही आहेत. पण आधी कळते ते ह्या बाईच्या नाकाला.

रविवारी पाहुणे येतात, वाइनची चव पाहायला. लांब टेबल, पांढरा कपडा, दांडीचे पेले. पेला दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. आधी पांढऱ्या कपड्यावर रंग पाहायचा, मग पेला गोल फिरवून वास घ्यायचा, मग लहानसा घोट. एकवीस वर्षांखालच्यांना देत नाहीत. थुंकायला भांडे ठेवलेले असते, पण पाहुण्यांतले बरेचजण ते वापरीत नाहीत. दुपारी एका टोळक्याचे आवाज चढले, तेव्हा माझ्या पोटात जुना गोळा आला. जावयाने त्यांना पुढचा पेला दिला नाही. गाडी चालवणारा शुद्धीवर आहे ना ते पाहून मगच फाटक उघडले. हेही मी पाहिले, आणि तो आवाजही ऐकला. दोन्ही सांगते.

मी चव घेतली का? घेतली. विहीणबाईंच्या शेजारी उभी राहून तांबडीचा एक घोट जिभेवर घेतला आणि थुंकला. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते, तशी आखडली. त्या म्हणाल्या, "हाच सालीचा तुरटपणा." माझा हात कापत होता. वडिलांच्या तोंडाचा वास आठवला. पुन्हा घ्यावीशी वाटली नाही आणि त्यांनीही आग्रह केला नाही.

शेवटच्या दिवशी मी आगळाची बाटली त्यांच्या हाती दिली. त्यांनी पेल्यात थोडे ओतले, पांढऱ्या कपड्यावर धरले, हुंगले, चाखले. म्हणाल्या, "मीठ आधी लागते, आंबट मागून येते. कोणत्या झाडाचे? कधीचे? मीठ किती?" भगिनींनो, पंचवीस वर्षे मी आगळ करते; सालींचे आणि मिठाचे थर भरते. "छान झालंय" असे सगळे म्हणतात, पण असे कोणी विचारले नव्हते. मला झाड सांगता आले, तारीख सांगता आली नाही. त्या वहीत लिहून ठेवतात. आता मीही प्रत्येक बरणीवर झाड, दिवस आणि मिठाचे माप लिहिते.

घरी आले तेव्हा ताई दारातच उभी होती. तिचा पहिला प्रश्न, "जावई पितो का?" मी म्हटले, "रात्री जेवताना अर्धा पेला घेताना पाहिला. हात उचलताना किंवा पैसे उडवताना पाहिला नाही. पोरगी टाकीवर उभी राहून चार माणसांना काम सांगते, आणि सासू तिचे ऐकते." ताई गप्प राहिली. तिच्या फळीवर अशक्तपणासाठी आणलेली द्राक्षासवाची बाटली होती. त्यातही आंबण्याने दारू तयार होते, हे मला तिकडे कळले होते; पण त्या दिवशी मी बोलले नाही. वाद जिंकायला मी गेले नव्हते.

मी वाइनची बाजू मांडायला उभी नाही. कोणतीही दारू थोडीशीसुद्धा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे, आणि मला ते पटते. आपल्या राज्यात गावातल्या निम्म्याहून अधिक मतदार स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दारूचे दुकान बंद होते. तशी वेळ आली तर माझे मत आडव्या बाटलीला. पण धंदा नापसंत म्हणून पोटच्या मुलीचे दार बंद करावे, हे मला पटत नाही. दारूने आमच्या आईचे घर नेले. तिने ताईची लेकही न्यावी, इतका मान मी तिला देणार नाही.

मे महिन्यात ताई गेली. चार दिवस राहिली, टाक्यांच्या खोलीत गेली नाही. परत आल्यावर फारसे बोलली नाही. पण पावसाच्या आधी आमसुले भरताना तिने एक बरणी वेगळी काढली, आणि माझ्याकडे पेन मागितले. झाकणावर तिने झाड लिहिले, तारीख लिहिली आणि खाली "विहीणबाईंसाठी" असे लिहिले.

इतकेच.