मेंदूज्वराची लस आणि डेंग्यूचा ताप



२००५ मध्ये गोरखपूर भागात मेंदूज्वराने शेकडो बालके दगावली. २००६ पासून बाधित जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वराच्या लसीची मोहीम सुरू झाली. हा विषाणू, डेंग्यू आणि २०२१ मध्ये कानपुरात आढळलेला झिका एकाच कुळातले. त्यामुळे लसीने सज्ज झालेल्या काही टी पेशी डेंग्यूच्या विषाणूचे अंशही ओळखतात. परंतु ओळख म्हणजे संरक्षण नव्हे. या लसीने डेंग्यू टळत नाही. उलट, या नात्यामुळे रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी कधीकधी फसते. म्हणून ताप आल्यास डॉक्टरांना लसीकरण कार्ड अवश्य दाखवावे. अ‍ॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये. कुलरची टाकी दर आठवड्यास रिकामी करून घासावी. नुसते पाणी ओतून भागत नाही, अंडी कोरड्या कडांनाही चिकटून राहतात.