पित्ताच्या पाटावरचे दार



उसाला पाणी देताना वाफ्याच्या तोंडाशी एक माणूस दारे धरून उभा असतो. वाफा भरला की तो दार बांधतो, पुढचे दार मोडतो. हा माणूस डुलकी घेऊ लागला, किंवा दारात ढेकूळ अडकले, तर काय होते ते शेतकरी बंधूंना सांगायला नको. पाणी मागे तुंबते आणि पाटाचा काठ फुटतो.

आपल्या पोटातही असेच एक दार आहे. आज त्याच्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी एक घोटाळा दूर करू. जळजळ झाली, आंबट ढेकर आली, की आपण म्हणतो, "पित्त झालं." अंगावर गांधी उठल्या तरी म्हणतो, "पित्त उठलं." जळजळ बहुधा जठरातल्या आम्लाची असते आणि गांधींचे कारण आणखी निराळे. मी ज्या पित्ताबद्दल बोलतो आहे तो यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. यकृत असते उजव्या बरगड्यांखाली, आणि दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्त ते तयार करते. दोन जेवणांच्या मधल्या वेळात त्यातले बरेचसे पित्ताशयाच्या पिशवीत साठून घट्ट होते. जठराच्या मागे स्वादुपिंड आहे. त्याचाही पाचक रस रोज लिटरभर वाहतो. हे दोन पाट लहान आतड्याच्या सुरुवातीला एकत्र येतात, आणि त्यांच्या मुखाशी सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, वळ्यासारखा स्नायू असतो. हेच ते दार.

पोटात अन्न नसताना हा स्नायू बहुतेक वेळ आवळलेला असतो. भाकरीबरोबर तेला-तुपाचे कालवण आतड्यात पोचले, की आतडे रक्तात एक द्रव्य सोडते. त्या निरोपासरशी पित्ताशय आकुंचन पावते आणि दार सैल होते. एकाने ढकलायचे, दुसऱ्याने वाट द्यायची. किती नेमका मेळ आहे पाहा!

इटलीतल्या पेरुजा गावी रुज्जेरो ओडी नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी होता. १८८७ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याने या स्नायूचे सविस्तर वर्णन केले. त्याच्याच नावाने हा स्नायू ओळखला जातो. शिक्षकमित्रांनी हे मुलांना जरूर सांगावे.

आता दार बिघडते म्हणजे काय? दोन प्रकार आहेत. पित्ताचा खडा घासून गेल्यामुळे किंवा सुजेमुळे तिथे वण धरतो आणि वाट कायमची अरुंद होते. दुसऱ्या प्रकारात वाट चांगली असते, पण स्नायू अवेळी आवळतो. दोन्हींत रस मागे तुंबतो. मग बेंबीच्या वर, मध्यभागी किंवा उजव्या बाजूला, कळ सुरू होते. ती वाढत जाऊन अर्धा तास किंवा जास्त टिकते. शौचाला जाऊन, कूस बदलून किंवा आम्लाची गोळी घेऊन ती थांबत नाही. कधी झोपेतून उठवते. स्वादुपिंडाचा रस तुंबला तर त्याला सूज येते, आणि ते दुखणे जिवावर बेतू शकते.

पित्ताशय काढून टाकलेल्या माणसांत, त्यातही स्त्रियांत, हा विकार अधिक आढळतो. समजा, एका बाईंची पिशवी काढली. वर्षभराने पुन्हा तीच कळ. रक्त तपासले, सोनोग्राफी केली, सर्व ठीक. मग घरचे म्हणतात, "काम चुकवायचं निमित्त!" असे म्हणू नका. तपासणीत काही दिसले नाही म्हणजे दुखतच नाही, असा अर्थ होत नाही.

पण याची दुसरी बाजूही ऐका. १९७४ साली जर्मनी व जपानमध्ये तोंडावाटे दुर्बीण नेऊन हा स्नायू कापण्याची रीत निघाली. खडा अडकला असेल किंवा वाट खरोखर अरुंद झाली असेल, तर हा उपाय फार मोलाचा आहे. मात्र नुसती कळ असणाऱ्यांचे काय? अमेरिकेत असे २१४ रुग्ण घेऊन प्रयोग झाला आणि २०१४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. काहींचा स्नायू कापला, काहींना दुर्बीण घातली पण कापले नाही. वर्षभराने कापलेल्यांत शेकडा २३ जणांना आराम होता, न कापलेल्यांत शेकडा ३७! शिवाय दोन्ही गटांत शेकडा दहाहून अधिक जणांच्या स्वादुपिंडाला सूज आली. तेव्हा, "कापून टाका म्हणजे सुटलो," अशी घाई करू नये.

मग करावे काय? कळ कधी आली, किती वेळ टिकली, आधी काय खाल्ले होते, हे वहीत टिपून ठेवा. कळ असतानाच किंवा ती थांबल्यावर काही तासांत रक्त तपासले तर यकृतावरचा ताण त्यात दिसू शकतो. आपण कोणती औषधे घेतो तेही डॉक्टरांना सांगा. अफूच्या वर्गातली काही वेदनाशामके आणि काही खोकल्याची औषधे हा स्नायू उलट आवळतात. तेलकट खाऊन दुखत असेल तर एका वेळी थोडे खाऊन पाहावे. दारू सोडावी.

शेवटची गोष्ट गाठीला बांधून ठेवा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, मळ पांढुरका दिसू लागला, कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर वाट अडली असण्याचा संभव आहे. अशा वेळी कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन माळ घालू नका. चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पाणी पिवळे झाले, तरी अडलेला खडा तिथेच असतो. पोटावर डाग तर मुळीच देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाट तुंबला असता आपण देवाला नवस बोलत बसत नाही. खोरे घेऊन बांधावर धावतो. आपल्या माणसासाठीही तसेच धावा.