शहरातील रस्ता आणि गावची सायकल



बारावी झालेला मुलगा शिकायला किंवा कामधंद्याला शहरात निघाला, की पुष्कळदा त्याच्या वळकटीबरोबर त्याची सायकलही निघते. आईवडिलांना वाटते, बसभाडे वाचेल. आणि सायकल तर हा तिसरीपासून चालवतो, त्यात भ्यायचे ते काय? या भरवशाविषयीच मला आज बोलायचे आहे.

गावात आपण मुलांना एकच धडा देतो : कडेने जा. मागून ट्रक आला तर खुशाल मातीत उतर. गावच्या रस्त्याला हा धडा अगदी योग्य. पण शहरात कड म्हणून मोकळी जागाच नसते, आणि धोका नेमका त्या कडेलाच दबा धरून बसलेला असतो.

रांगेने उभ्या असलेल्या मोटारी घ्या. आत बसलेला माणूस मागे न पाहता दार उघडतो. ते हातभर तरी बाहेर येते. सायकलवाला दारावर आदळतो, नाहीतर ते चुकवायला एकदम उजवीकडे सरकतो आणि मागच्या वाहनासमोर जातो. हे दुसरे अधिक वाईट. तेव्हा उभ्या मोटारींपासून दोन हात लांब, सरळ रेषेत चालावे. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्यावा. गटाराच्या जाळ्याही कडेलाच असतात. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने बसवलेले असले, की सायकलचे चाक त्यांत बरोबर अडकते.

पण सर्वांत घातक म्हणजे डावीकडे वळणारी बस. हे शेतकऱ्याला निराळे समजावून सांगायला नको. ट्रॅक्टर बांधाला वळसा घालतो, पण मागच्या ट्रॉलीचे चाक बांधाचा कोपरा खाते की नाही? लांब बसचेही तसेच. पुढची चाके सायकलपासून दूर दिसतात. मागची मात्र आतून येतात. चौकात बस थांबलेली पाहून आपला मुलगा डाव्या फटीतून पुढे सरकतो, दिवा हिरवा होतो, बस वळते. ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही. बसच्या मागे थांबावे. दोन मिनिटे जातील, जाऊ द्या.

रात्रीचे म्हणाल, तर ताशी ४० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात ११ मीटर अंतर तोडते. मागे लाल दिवा नसेल तर तिच्या चालकाला तुम्ही फार उशिरा दिसता. पावसात रिम ओली झाली की ब्रेकही उशिरा लागतो.

एके काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. तेव्हा सायकलीच इतक्या, की मोटारवाल्यालाच बेताने जावे लागे. आता पारडे फिरले आहे. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, काही रस्त्यांना सायकलमार्गही आहेत. पण त्यांवर कुठे स्कूटरी उभ्या, तर कुठे भेळेची गाडी! यात दोष सायकलवाल्याचा नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. तो रस्त्याचा हक्कदारच आहे. पण हक्काचा निवाडा होईपर्यंत हाडे मोडतात ती त्याचीच.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. जून उजाडण्यापूर्वी एक दिवस शाळेच्या मैदानात ट्रॅक्टर-ट्रॉली आणवा. इंजिन बंद ठेवून एकेका मुलामुलीला ड्रायव्हरच्या जागेवर बसवा, दुसऱ्याला सायकल घेऊन ट्रॉलीच्या डाव्या अंगाला उभे करा, आणि विचारा, “दिसतो का रे?” मग सगळ्यांना लांब कुंपणाशी नेऊन ट्रॅक्टर डावीकडे वळवायला सांगा. तो थांबला की पुढच्या आणि मागच्या चाकांच्या खुणांतले अंतर मुलांना पावलांनी मोजू द्या. अर्धा तास पुरतो. आदल्या दिवशी मैदानावर थोडे पाणी मारून ठेवले, तर खुणा अधिक स्वच्छ उमटतात.