गाठीतील प्राणवायू आणि रोग्याचे भवितव्य



कर्करोगाचे निदान झाले की रोग्याच्या आप्तांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, आता पुढे काय?" या प्रश्नाचे उत्तर देताना अलीकडे एका अतिसूक्ष्म रेणूची साक्ष काढली जाऊ लागली आहे. ती कितपत ग्राह्य मानावी, एवढाच विषय आम्ही आज घेतला आहे.

कर्कपेशींची गाठ भराभर वाढते. तिला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या मात्र तितक्या नीट वाढत नाहीत. पाटाच्या तोंडाशी ऊस तुडुंब भिजलेला आणि शेवटच्या वाफ्याला टिपूस नाही, असा प्रकार होतो. टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाचे छेद तपासले. रक्तपुरवठ्यापासून सुमारे दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतके अंतर ओलांडले की प्राणवायू संपतो व पेशी मरतात, असे त्यांना आढळले.

मेलेल्या पेशींची आपल्याला चिंता नाही; चिंता आहे ती सीमेवर अर्धपोटी जगणाऱ्यांची. प्राणवायू नसलेली पेशी मारण्यास किरणांची मात्रा अडीच ते तीन पट लागते. शिवाय उपासमारीत तगलेल्या पेशी अधिक चिवट होतात व शरीरात अन्यत्र पसरण्याकडे त्यांचा कल वाढतो.

हे तगणे साधते कसे? प्राणवायू कमी पडला की पेशीत 'हिफ' हे प्रथिन साचते आणि शेकडो जनुकांना कामाला लावते. पेशी प्राणवायूची चणचण कशी ओळखते, हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिफने जागविलेल्या जनुकांपैकी एक 'मिर-२१०' हा मायक्रो-आरएनए तयार करते. मायक्रो-आरएनए म्हणजे सुमारे २२ अक्षरांची चिठ्ठी. तिच्यापासून प्रथिन बनत नाही. उलट, प्रथिने बनविण्याचे जे निरोप जनुकांकडून निघतात त्यांना ती अडविते. अशी पहिली चिठ्ठी अ‍ॅम्ब्रॉस व रव्हकुन यांना १९९३ साली जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत सापडली. २०२४ चे नोबेल त्याच कामासाठी होते. मिर-२१० पेशीच्या श्वसनयंत्रणेचे काही निरोप अडविते, त्यामुळे प्राणवायूचा खर्च घटतो.

ही चिठ्ठी आकाराने लहान, म्हणून टिकाऊ. मेणात जतन केलेल्या जुन्या गाठीच्या तुकड्यातूनही ती मोजता येते. २००८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या २१९ रुग्णांच्या गाठी तपासल्या. ज्यांच्या गाठीत मिर-२१० अधिक, त्यांचे आयुर्मान सरासरीने कमी, असे दिसून आले.

मग ही कुंडलीच हाती आली म्हणायची काय? मुळीच नाही. मूत्रपिंडाच्या एका नेहमीच्या कर्करोगात हिफला आवरणारे जनुकच बिघडलेले असते. तेथे प्राणवायू असूनही मिर-२१० वाढते. इतकेच नव्हे, तर २०१३ च्या एका अभ्यासात ते जास्त असलेल्या रुग्णांची स्थिती चांगली राहिल्याचे आढळले. खूण एकच, गाठ बदलली की अर्थ पालटला! दुसरे असे की, ही अनुमाने समूहाची असतात. शंभरांपैकी इतके वाचतील हे सांगता येते. समोर बसलेली माउली त्यांपैकी कोणती, हे नाही.

म्हणून अशा खुणेचा खरा उपयोग भविष्य सांगण्याचा नव्हे, तर कोणाला कडक उपचार हवेत आणि कोणाला त्यांचा ताप वाचविता येईल, हे ठरविण्याचा आहे. मिर-२१० ची तपासणी अद्याप रुग्णालयातील नित्याची बाब झालेली नाही; त्या निवडीला तिची मदत होते, हे आधी सिद्ध झाले पाहिजे. तोवर कागदावरचा आकडा पाहून कोणी उपचार सोडू नये आणि कोणी सोडावयास सांगू नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.