भंगारातला बैल

भंगारवाला दारात आला की आपण एकच बघतो, किती किलो भरलं. आज माझं सांगणं एवढंच, काट्यावर टाकण्याआधी वस्तूचा आकार बघा.

१९४२ साली पिकासो नावाच्या मोठ्या चित्रकाराने जुन्या सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. सीटचं निमुळतं टोक झालं तोंड, हँडल झालं शिंगं. वस्तू दोनच, पण दिसतो बैल.

आपल्या घरामागे तर अख्खा बैल पडलाय! वखराची जुनी पास म्हणजे बरगडी. बैलगाडीच्या चाकाची धाव म्हणजे पाठीची कमान. सायकलची चेन म्हणजे शेपूट. मोडक्या विळ्यांची पाती गळ्याच्या पोळीला, खुरप्याची पाती कानाला.

गटाने असा बैल करायचा तर आधी खऱ्या बैलाचं माप दोरीने घ्या. अंगणात चुन्याने तेवढाच बैल आखा आणि वस्तू त्यात मांडून बघा. मग गजाचा सांगाडा. पाय काँक्रीटच्या पायात पक्के बसवा, कारण एवढं लोखंड मुलांच्या अंगावर कलंडलं तर जीव जाईल. पोटाखाली भोकं ठेवा, पावसाचं पाणी साचणार नाही. धारा घासून बोथट करा, शेवटी रेड ऑक्साइड लावा.

वेल्डिंग जाणकारानेच करावं. गटातल्या एखादीला शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स असतो. तीन गोष्टी मात्र गाठीला बांधा. डिझेलचा किंवा औषधाचा बंद डबा, ड्रम रिकामा दिसला तरी त्याला वेल्डिंग लावू नका, स्फोट होतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेला की थंडीताप भरतो, तो पत्रा बाजूलाच ठेवा. आणि काळ्या काचेशिवाय त्या उजेडाकडे कुणी बघायचं नाही, पोरांनी तर नाहीच. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

पोळ्याला आपण बैलाला ओवाळतो. त्याच शेतात वाकून बाई तण काढते, तिचं खुरपं मोडलं की उकिरड्यावर जातं. गावच्या चौकात उभ्या राहिलेल्या या बैलाच्या अंगावर ते सगळ्यांना दिसेल. येत्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एकेक मोडकी लोखंडी वस्तू घेऊन या. मधे मांडा आणि एकमेकींना विचारा, हे बैलाचं काय होईल?