मेलेल्या बॅटरीचा वारस कोण?

(यवतमाळ येथील भाषण)



मी गोदीत माल उचलणारा माणूस. भंगाराचं वजन माझ्या पाठीला ठाऊक आहे. म्हणून कुणी विजेच्या गाडीचं कौतुक करायला लागलं की मी विचारतो, गाडी मेल्यावर तिची बॅटरी कोण फोडणार?

ती बॅटरी कचरा नाही, खाण आहे. लिथियमच्या बॅटरीत तांबं, लिथियम, पुष्कळदा निकेल आणि कोबाल्टसुद्धा. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोतून येतो. तिथं आपल्यासारखीच काळी माणसं हातानं खड्डे खणतात. जुन्या बॅटरीतली उरलेली वीज काढायची, ती दळायची, काळ्या भुकटीतून आम्लानं धातू वेगळे करायचे, की तेवढी नवी खणणी टळते. परदेशी माल कमी आणावा लागतो. हा फायदा खरा आहे. खणलेल्या जमिनीचं दुःख वणीच्या कोळसापट्ट्यातल्या माणसाला मी काय सांगू!

पण फायदा कुणाचा? पुष्कळ ई-रिक्षांखाली अजून शिशाचीच बॅटरी आहे. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्याला कारखाना लागत नाही, झोपडीमागची भट्टी पुरते. तेजाब गटारात, धूर पोरांच्या छातीत. २०२० साली युनिसेफच्या अहवालानं सांगितलं, जगातल्या तीनांतल्या एका मुलाच्या रक्तात घातक शिसं आहे, आणि अशा भट्ट्या त्याचं मोठं कारण. लिथियमची बॅटरी तर अशी फोडली की पेटच घेते.

हातमोज्याविना विष हाताळणं म्हणजे काय, हे यवतमाळनं २०१७ साली पाहिलंय. फवारणीत जिल्ह्यातले वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले. अन् वर त्यांनाच सांगितलं, तुम्ही काळजी घेतली नाही!

२०२२ साली केंद्रानं बॅटरी कचऱ्याचे नियम केले. बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. गाडीच्या बॅटरीतला ९० टक्के माल २०२६-२७ पासून परत काढायचा आहे. छान. धातूची टक्केवारी ठरली, गोणीवाल्याची मजुरी कुठं ठरली? नोंदणीचा कागद नाही म्हणून त्यालाच चोर ठरवणार, आणि त्याच्या बापजाद्यांच्या माथी मारलेलं काम आता नफ्याचं झालं म्हणून शेठ घेणार?

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. ओळखपत्रं मिळवली, २००८ साली स्वतःची सहकारी संस्था काढून महापालिकेशी करार केला. इथं आर्णी, पुसद, दारव्हा, वणीत भंगार गोळा करणारे किती, बॅटऱ्या कोण फोडतं, पोरं कुठं झोपतात, याची यादी आपणच करू. मग ती घेऊन कलेक्टर कचेरीत जाऊ. हातमोजे, रक्ततपासणी, किलोचा ठरलेला भाव, आणि नोंदणीच्या कारखान्यात पहिली भरती याच हातांची. उद्या सकाळी वणीपासून सुरुवात. कोण येतंय?