बुद्धाचे नाव बॉम्बला कशाला?

(हिरोशिमा दिनानिमित्त झाशी येथे मराठी भाषक विद्यार्थी आणि नोकरदारांसमोर केलेले भाषण)



१९४५ साली आजच्याच दिवशी, ६ ऑगस्टला, अमेरिकेने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. वर्ष संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. त्यात हजारो कोरियन होते. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि अनेकांना मजुरीसाठी जबरदस्तीने आणले होते. या कोरियन मृतांचे स्मारक १९७० साली उभे राहिले, पण शांती उद्यानाच्या बाहेर. उद्यानात त्याला जागा मिळाली १९९९ साली. मेल्यावरही वेशीबाहेर ठेवणे म्हणजे काय, हे तुम्हा-आम्हाला समजावून सांगावे लागत नाही.

जे वाचले त्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात. त्यांची लग्ने जुळेनात, नोकऱ्या मिळेनात. अनेकांनी आपण बॉम्बमधून वाचलो हे वर्षानुवर्षे लपवले. नोकरीच्या गावी आडनाव सांगताना अडखळणारी मुले या सभागृहातही असतील. त्यांनी हिबाकुशांकडून एक गोष्ट घ्यावी. ते लपून राहिले नाहीत. नागपुरात धम्मदीक्षा झाली त्याच १९५६ साली त्यांनी निहोन हिदानक्यो ही संघटना उभी केली. २०२४ चे शांततेचे नोबेल तिला मिळाले.

मला विचारतात, आपल्या शिष्यवृत्त्या रखडतात, राखीव जागा भरत नाहीत, त्यात हा बॉम्बचा विषय कशाला? हा विषय आपलाच आहे. सांगतो कसा.

वीज करा की बॉम्ब, सुरुवात युरेनियमपासून होते. देशातली पहिली युरेनियम खाण झारखंडमधल्या जादूगोड्याची. १९६७ पासून तिथे खाणकाम आहे. हो आणि संथाळ आदिवासींच्या गावांशेजारी खाणीचा किरणोत्सारी गाळ साठवला गेला. बॉम्बचा अभिमान दिल्लीत मिरवला जातो, गाळ मात्र आदिवासींच्या दारात.

दुसरी गोष्ट पैशाची. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. हिंदू कोड बिल एवढेच कारण आपण सांगतो. पण राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींची उपेक्षाही मांडली आणि लष्करी खर्चाचा हिशेबही. वर्षाच्या ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, कारण आपल्या परराष्ट्र धोरणाने आपल्याला मित्र उरलेले नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. देशाच्या संरक्षणाबद्दल हिशेब मागणे हा देशद्रोह नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिले. १९९८ च्या अणुचाचण्यांचा निर्णय मोजक्या माणसांनी घेतला. संसदेला चाचण्या झाल्यावर कळले. एक माणूस, एक मत, एक मूल्य म्हणणाऱ्यांनी यावर बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

तिसरी गोष्ट मला सर्वात जास्त टोचते. १८ मे १९७४ ची पोखरणची पहिली चाचणी ‘स्मायलिंग बुद्धा’, म्हणजे हसणारा बुद्ध, या नावाने ओळखली जाते. ११ मे १९९८ ला पुन्हा स्फोट झाले, तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. प्राणिहिंसेपासून दूर राहीन, हे आपले पहिले शील. ज्याने ते दिले त्याचे नाव शहरे जाळणाऱ्या अस्त्राला! श्रीप्रकाश यांनी जादूगोड्यावर १९९९ साली माहितीपट केला. त्याचे नाव ‘बुद्धा वीप्स इन जादूगोडा’. म्हणजे तिथे बुद्ध रडतो आहे.

आपण झाशीत बोलतो आहोत. ही झलकारीबाईंची भूमी. इथून सागरला गेले की महार रेजिमेंटचे केंद्र. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. सैनिकाचा अपमान आपल्या तोंडून होणार नाही. संरक्षण कॉरिडॉरमध्ये झाशीचे नाव आहे, तिथे कोणाला नोकरी लागली तर पेढे मीही खाईन. पण सैनिक समोरच्या सैनिकाशी लढतो. अणुबॉम्ब पाळण्यातल्या मुलाला मारतो आणि वाचलेल्यांना वर्षानुवर्षे आजार देतो. हा फरक विसरू नका.

पाकिस्तान आणि चीनकडे बॉम्ब असताना आपण एकट्याने तो टाकून द्यावा, असे मी म्हणत नाही. जगात आजही सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. ती सगळ्यांनी मिळून संपवायची आहेत. १९८८ साली भारतानेच संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत जग अण्वस्त्रमुक्त करण्याची योजना मांडली होती. ७ जुलै २०१७ ला १२२ देशांनी अण्वस्त्रबंदी कराराच्या बाजूने मत दिले. २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे. अणुकार्यक्रमांची झळ आदिवासी समूहांना जास्त बसते, हे त्याच्या प्रस्तावनेतच लिहिले आहे. भारतासह नऊही अण्वस्त्रधारी देश त्याच्या बाहेर आहेत. निदान निरीक्षक म्हणून त्या बैठकांना जा, आणि प्रथम वापर न करण्याचे वचन मोडू नका, एवढे तरी आपल्या खासदाराला लिहिता येईल ना?

तुम्ही घरातले पहिले पदवीधर आहात. घरात, वस्तीत तुमचा शब्द ऐकला जातो. व्हॉट्सॲपवर कोणी ‘एकदाच बॉम्ब टाकून टाका’ म्हणाला, तर गप्प बसू नका. त्याला हिरोशिमा सांगा, जादूगोडा सांगा. आणि येत्या बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटाल, तेव्हा अर्धा तास या विषयासाठीही ठेवा. बुद्धाचे नाव बॉम्बकडून परत आणायचे काम आपल्यालाच करावे लागेल.

जय भीम.